इंग्रजी क्रियापदांचे प्रकार : कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता नंतर

‘डिड यू वेंट?’ ‘आय ॲम अग्री.’ ‘ही एक्सप्लेन्ड मी द सम.’ ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ अशी वाक्यं ज्यांच्या तोंडून निघतात, त्यांना क्रियापदाची व्याख्या येत नसते असं नाही. ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्ह पाठ असतं, गो-वेंट-गॉनचे तक्ते घोकून झालेले असतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. क्रियापदांचे प्रकार म्हणजे वेगवेगळे कप्पे आणि प्रत्येक क्रियापद त्यातल्या एकाच कप्प्यात बसतं, असा समज पक्का झालेला असतो.

‘ईट’ घ्या. ‘शी ईट्स राइस’ या वाक्यात ते मुख्य क्रियापद आहे, सकर्मक आहे, कृतिवाचक आहे आणि अनियमितही आहे. चार नावं, कारण प्रश्न चार. हे प्रश्न ठरावीक क्रमाने विचारले तर उत्तरं सरळ येतात. क्रम उलटला की गडबड होते: साहाय्यक वेगळं न काढताच कर्म शोधायला गेलं, किंवा लिंकिंग व्हर्ब (कर्त्याला त्याच्याविषयीच्या माहितीशी जोडणारं क्रियापद) आहे का हे न बघताच ‘काय?’ विचारलं, की चुकीचं उत्तर अगदी खात्रीने हातात पडतं. पुढचे टप्पे त्या क्रमाने लावले आहेत. मधला टप्पा गाळू नका.

तयारी

वहीच्या पानावर चार उभे रकाने आखा: साहाय्यक, मुख्य क्रियापद, त्याच्यापुढे काय आलं, कोणतं रूप. मग इंग्रजी वर्तमानपत्रातल्या स्थानिक बातमीतून वीसेक वाक्यं उतरवून घ्या. बातमीचा मजकूर घ्यायचा, मथळे नाहीत. मथळ्यात साहाय्यक क्रियापदं गाळलेली असतात. ‘टू किल्ड इन ॲक्सिडेंट’ यात ‘वेअर’ गायब आहे. त्यामुळे दोघांनी कोणाला तरी मारलं असा अर्थ लावणारे विद्यार्थी दर वर्गात सापडतात.

शब्दकोश लर्नर्स डिक्शनरी या प्रकारातला हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या अशा कोशांत क्रियापदापुढे सकर्मक की अकर्मक हे लिहिलेलं असतं, कुठे ‘टी’ आणि ‘आय’ या अक्षरांनी, कुठे पूर्ण शब्दाने. खिशातला इंग्रजी-मराठी कोश फक्त अर्थ देतो, आणि निम्म्या चुका तिथेच उगवतात. ‘डिस्कस म्हणजे चर्चा करणे’ एवढं वाचलं की ‘विषयावर’मधला ‘वर’ इंग्रजीत ओढून आणला जातो.

इथली इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र ती इंग्रजी स्पेलिंगनेच लिहा.

टप्पा १ : वाक्यातलं क्रियापद गाठा

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी असतं, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. म्हणून आधी कर्ता संपतो कुठे ते बघा. ‘द बॉय स्टँडिंग निअर द गेट इज माय कझिन’ यात कर्ता ‘बॉय’पाशी संपत नाही, ‘गेट’पाशी संपतो. ‘स्टँडिंग’ हे इथे वाक्याचं क्रियापद नाही. क्रियापद आहे ‘इज’.

चाचणी सोपी आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘येस्टर्डे’ लावून वाक्य पुन्हा म्हणा. जो शब्द बदलावा लागतो, तिथून क्रियापद सुरू होतं. ‘शी टीचेस मॅथ्स’चं ‘येस्टर्डे शी टॉट मॅथ्स’ होतं. बदलला तो ‘टीचेस’. कट, पुट, हिट, शट यांच्यासारखी काही क्रियापदं भूतकाळातही तशीच राहतात. तिथे ‘दे’च्या जागी ‘ही’ घालून बघा: ‘दे कट’चं ‘ही कट्स’ झालं की सापडलं.

शब्दाच्या रूपावरून अंदाज बांधू नका. ‘वॉटर’ म्हणजे पाणी हे खरं, पण ‘शी वॉटर्स द प्लँट्स’मध्ये तेच क्रियापद आहे. ‘बुक’, ‘पार्क’, ‘आन्सर’, ‘फोन’ या सगळ्यांचं असंच.

*इशारा:* ‘तो माझा भाऊ’, ‘आमचं गाव लहान’ अशी क्रियापद नसलेली वाक्यं मराठीत चालतात. इंग्रजीत पूर्ण वाक्याला क्रियापद लागतंच. ‘ही माय ब्रदर’ ही चूक इथून येते.

*तपासा:* क्रियापदाला ‘इंग’ लागून झालेला शब्द एकटा असेल, त्याच्या आधी ‘बी’चं कुठलंच रूप नसेल, तर तो वाक्याचं क्रियापद नाही. ‘टू’ लागलेलं रूपही नाही.

टप्पा २ : साहाय्यक वेगळं काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साहाय्यक क्रियापदांची यादी छोटी आणि बंद आहे, तिच्यात नवीन भर पडत नाही. मूळ तीन: बी, डू, हॅव. त्यातल्या ‘बी’ची रूपं आठ: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. मोडल नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. ‘ऑट टू’ आणि ‘यूज्ड टू’ ही त्यांची शेजारी.

यादी पाठ असून भागत नाही, कारण मूळ तिघंही मुख्य क्रियापद म्हणून काम करतात. ‘शी हॅज अ कार’मध्ये ‘हॅज’ मुख्य आहे, ‘शी हॅज बॉट अ कार’मध्ये साहाय्यक. ओळखायचं कसं? वाक्याचा प्रश्न करून बघा. साहाय्यक असेल तर ते उडी मारून कर्त्याच्या आधी जातं: ‘हॅज शी बॉट अ कार?’ मुख्य असेल तर आजच्या इंग्रजीत ते जागेवरच राहतं आणि ‘डू’ला बोलवावं लागतं: ‘डझ शी हॅव अ कार?’ अपवाद फक्त ‘बी’चा. ते मुख्य असलं तरी स्वतःच उडी मारतं: ‘इज ही अ डॉक्टर?’

आता खरा मुद्दा. प्रत्येक साहाय्यक आपल्या लगेच पुढच्या क्रियापदाकडून एक ठरावीक रूप मागतं:

१. डू, डझ, डिड यांच्यापुढे मूळ रूप. ‘डिड यू गो?’
२. मोडलपुढे मूळ रूप, आणि मध्ये ‘टू’ नाही. ‘यू मस्ट गो.’
३. हॅव, हॅज, हॅड यांच्यापुढे तिसरं रूप, क्लासमध्ये ज्याला व्ही थ्री म्हणतात ते. ‘ही हॅज गॉन.’
४. ‘बी’च्या पुढे ‘इंग’-रूप, किंवा कर्मणीत तिसरं रूप. ‘ही इज रायटिंग.’ ‘द लेटर वॉज रिटन.’

साहाय्यक आणि मुख्य मिळून जो गट होतो, त्यात काळ दाखवायचं काम पहिल्याच शब्दाचं. ‘डिड’ने भूतकाळ दाखवला की ‘गो’ला पुन्हा तो दाखवायची गरज उरत नाही, म्हणून ‘डिड यू वेंट’ चूक. ‘डझ ही गोज’ याच कारणाने चूक: ‘एस’ एकदा ‘डझ’ने घेतला.

एका वाक्यात तीन-चार साहाय्यकं आली तरी रांग बदलत नाही: मोडल, मग हॅव, मग चालू क्रियेचं ‘बी’, मग कर्मणीचं ‘बी’, शेवटी मुख्य. ‘द वर्क मस्ट हॅव बीन फिनिश्ड’ हे वाक्य डावीकडून उलगडा. ‘मस्ट’ मोडल आहे, त्याने मूळ रूप मागितलं, म्हणून ‘हॅव’. कर्ता एकवचनी असूनही ‘हॅज’ नाही. ‘हॅव’ने तिसरं रूप मागितलं, म्हणून ‘बी’चं ‘बीन’ झालं. त्या ‘बीन’ने कर्मणीसाठी पुन्हा तिसरं रूप मागितलं, म्हणून ‘फिनिश्ड’. प्रत्येक शब्द फक्त पुढच्याचं रूप ठरवतो, त्याच्यापुढच्याचं नाही. हे एकदा पटलं की काळांचे बारा तक्ते पाठ करायची गरज बरीचशी संपते.

मराठी भाषकाला इथे अडवतं ते आपलं ‘आहे’. ‘तो येतो आहे’ आणि ‘तो आला आहे’ दोन्हीकडे आपण ‘आहे’ लावतो. इंग्रजी पहिल्या वाक्याला ‘इज’ देतं, दुसऱ्याला ‘हॅज’. म्हणून भाषांतर करताना ‘आहे’कडे बघू नका, त्याच्या आधीच्या शब्दाकडे बघा: ‘येतो’ असेल तर ‘इज कमिंग’, ‘आला’ असेल तर ‘हॅज कम’. ‘मी सहमत आहे’चं ‘आय ॲम अग्री’ होतं तेही यामुळेच. ‘अग्री’ हे स्वतःच पूर्ण क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’चा टेकू लागत नाही. ‘आय अग्री’ म्हणा आणि थांबा.

*इशारा:* ‘कॅन एबल टू’ असं काही नसतं. ‘कॅन’ तरी घ्या, नाहीतर ‘इज एबल टू’.

*इशारा:* प्रश्नातला ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ स्वतःच कर्ता असेल तर ‘डिड’ येत नाही. ‘हू ब्रोक द ग्लास?’ बरोबर. ‘हू डिड ब्रेक द ग्लास?’ हे फक्त जोर देऊन विचारायचं असेल तर.

*तपासा:* नकारार्थी करा. ‘नॉट’ पहिल्या साहाय्यकाच्या लगेच नंतर बसला पाहिजे. ‘आय डू माय होमवर्क’चा नकार ‘आय डू नॉट डू माय होमवर्क’ असा होतो. पहिला ‘डू’ साहाय्यक, दुसरा मुख्य. दोन ‘डू’ बघून बिचकू नका.

टप्पा ३ : मुख्य क्रियापदापुढे काय येतं ते बघा

*अ) आधी लिंकिंग की नाही*

शाळेत शिकवलेली युक्ती अशी: क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा, उत्तर आलं तर सकर्मक. ती फसते ती इथे. ‘ही बिकेम अ टीचर’: काय झाला? टीचर. पण टीचर हे कर्म नाही, तो कर्ताच आहे. मराठी व्याकरणात ज्याला विधानपूरक म्हणतात ते हे.

म्हणून कर्म शोधण्याआधी क्रियापद काढून तिथे ‘इज’ किंवा ‘वॉज’ बसवून बघा. ‘द सूप टेस्ट्स गुड’चं ‘द सूप इज गुड’ झालं, अर्थ टिकला: लिंकिंग. ‘शी टेस्टेड द सूप’चं ‘शी वॉज द सूप’ झालं, हसू आलं: लिंकिंग नाही. एकच ‘टेस्ट’, दोन वाक्यांत दोन प्रकार. प्रकार शब्दाला चिकटलेला नसतो, वाक्यातल्या कामाला असतो.

नेहमीची लिंकिंग क्रियापदं: बी, बिकम, सीम, अपिअर, लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील, रिमेन, स्टे. शिवाय काही वेळा गेट, टर्न, ग्रो आणि गो. ‘द मिल्क वेंट बॅड’मध्ये दूध कुठेही गेलेलं नाही, नासलं आहे.

यांच्यापुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. ‘शी लुक्स ब्युटिफुल’ बरोबर, ‘ब्युटिफुली’ चूक. फरक नीट दिसतो तो या जोडीत: ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसत होती, ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. दुसऱ्यात पाहण्याची क्रिया आहे, म्हणून ‘ली’.

*आ) मग सकर्मक की अकर्मक*

लिंकिंग नाही हे ठरल्यावर आता ‘काय? कोणाला?’ विचारा. पडताळा कर्मणीने घ्या. ‘रवी ओपन्ड द डोअर’चं ‘द डोअर वॉज ओपन्ड बाय रवी’ होतं, म्हणजे सकर्मक. ‘द बेबी स्लेप्ट’चं काहीच होत नाही. हॅव, लॅक, रिझेंबल यांच्यापुढे कर्म येतं पण कर्मणी होत नाही. एवढे अपवाद लक्षात असू द्या.

मराठीत काच फुटते आणि आपण काच फोडतो. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. इंग्रजी बऱ्याचदा एकाच शब्दावर भागवतं: ‘द ग्लास ब्रोक’, ‘ही ब्रोक द ग्लास’. ही सवय लागली की नेमक्या ज्या थोड्या ठिकाणी इंग्रजी दोन शब्द ठेवतं, तिथे पाय घसरतो. दोन जोड्या पक्क्या करा:

‘राइझ’, रोझ, रिझन: स्वतः वर जाणे, अकर्मक. ‘रेझ’, रेझ्ड, रेझ्ड: वर करणे, सकर्मक. सूर्य ‘राइझ’ होतो, हात आपण ‘रेझ’ करतो.

‘लाय’, ले, लेन: आडवं होणे, अकर्मक. ‘ले’, लेड, लेड: आडवं ठेवणे, सकर्मक. इथे सापळा असा की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ आणि ‘ले’चा वर्तमानकाळही ‘ले’, स्पेलिंगसकट तोच. पुढे कर्म आहे का ते बघूनच ठरवा. ‘ही ले ऑन द बेड’: कर्म नाही, म्हणजे हा ‘लाय’चा भूतकाळ. खोटं बोलण्याचं ‘लाय’ तिसरंच. ते नियमित आहे: लाय, लाइड, लाइड.

शब्दयोगी अव्ययांची चूक हाही सकर्मक-अकर्मकचाच प्रश्न आहे, फक्त तसा शिकवला जात नाही. डिस्कस, एंटर, रीच, मॅरी, कॉन्टॅक्ट, रिझेंबल, ऑर्डर, रिक्वेस्ट ही सकर्मक आहेत. यांच्यापुढे कर्म थेट येतं. आपण ‘विषयावर’ चर्चा करतो, ‘खोलीत’ शिरतो, ‘तिच्याशी’ लग्न करतो, म्हणून अबाउट, इन्टू, विथ घुसतात. गोंधळात भर अशी की यांच्याच नामांना अव्यय लागतं: ‘अ डिस्कशन अबाउट फीज’, पण ‘वी डिस्कस्ड द फीज’. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’.

उलट लिसन, वेट, अराइव्ह, डिपेंड, बिलाँग ही अकर्मक आहेत. यांना पुढे काही जोडायचं तर अव्यय लागतं: लिसन टू म्युझिक, वेट फॉर द बस. ‘रीच’ आणि ‘अराइव्ह’चा अर्थ जवळजवळ एक असूनही वागणं वेगळं: ‘वी रीच्ड पुणे’, ‘वी अराइव्ड इन पुणे’.

*इशारा:* मराठीत कर्म गाळून बोलता येतं. ‘सिनेमा पाहिलास? आवडला?’ इंग्रजीत ‘डिड यू लाइक?’ अर्धवट राहतं. ‘डिड यू लाइक इट?’ हवं. ‘आय एन्जॉइड’ही तसंच. पुढे ‘इट’ किंवा ‘मायसेल्फ’ लागतं.

*इ) दोन कर्मं*

गिव्ह, सेंड, शो, लेंड, टीच, टेल, ऑफर यांना दोन कर्मं चालतात. मांडणी दोन प्रकारे: ‘शी गेव्ह मी अ पेन’ किंवा ‘शी गेव्ह अ पेन टू मी’. बाय, मेक, कुक, गेट यांच्या दुसऱ्या मांडणीत ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतं: ‘ही बॉट अ साडी फॉर हिज मदर’.

एक्सप्लेन, सजेस्ट, से, डिस्क्राइब, मेन्शन, अनाउन्स यांना मात्र पहिली मांडणी चालत नाही. ‘मला गणित समजावून सांग’ म्हणताना मराठीत ‘मला’ पहिलं येतं आणि ‘एक्सप्लेन मी’ तोंडात बसतं. बरोबर वाक्य ‘एक्सप्लेन द सम टू मी’. ‘से’ आणि ‘टेल’चा फरकही एवढाच: ‘टेल’पुढे माणूस थेट येतो, ‘से’पुढे नाही. ‘ही टोल्ड मी’, ‘ही सेड टू मी’. ‘ही सेड मी’ नाही.

दोन कर्मांसारखी दिसणारी एक वेगळी रचना आहे. ‘दे मेड हिम कॅप्टन’ यात कॅप्टन हे दुसरं कर्म नाही, कर्माचा पूरक आहे: तो कॅप्टन झाला. ‘शी मेड हिम अ सँडविच’मध्ये तो सँडविच झाला नाही, त्याला मिळालं. ‘मेड’पुढच्या दोन शब्दांमध्ये मनातल्या मनात ‘इज’ घालून बघितलं की कळतं.

टप्पा ४ : स्थिती की कृती

हा प्रश्न विचारायचा तो ‘इंग’ लावण्यापूर्वी. नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक, ओन, बिलाँग, कंटेन, कॉस्ट ही स्थितिवाचक क्रियापदं सहसा चालू काळात येत नाहीत. आपल्या बोलण्यात ‘कळतंय’, ‘हवंय’, ‘दिसतंय’, ‘ऐकू येतंय’ ही रूपं सर्रास असल्यामुळे ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम हिअरिंग यू’ अशी वाक्यं होतात. ‘आय अंडरस्टँड’ आणि ‘आय कॅन हिअर यू’ म्हणा.

काही शब्द अर्थाप्रमाणे बाजू बदलतात. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, तेव्हा स्थिती: ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘हॅव’ म्हणजे जेवणे, तेव्हा कृती: ‘वी आर हॅविंग लंच’. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत आहे. ‘आय ॲम थिंकिंग ऑफ सेलिंग द स्कूटर’ हा चालू विचार आहे. ‘ही इज रूड’ म्हणजे स्वभावाने उद्धट. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता तसा वागतोय.

आपल्याकडच्या ऑफिसांत ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ रोज ऐकू येतं आणि समोरच्याला समजतंही. बोलताना त्यावर अडून बसायचं कारण नाही. परीक्षेत आणि परदेशी जाणाऱ्या ईमेलमध्ये मात्र ते चूकच धरलं जातं.

टप्पा ५ : रूपं

नियमित क्रियापदांना भूतकाळात ‘ईडी’ लागतं, पण उच्चार तीन. टी किंवा डी या आवाजाने संपणाऱ्यांना ‘इड’: वाँटेड, नीडेड. प, क, फ, स, श, च यांनी संपणाऱ्यांना ‘ट’: वॉक्ट, वॉश्ट, वॉच्ट. बाकी सगळ्यांना ‘ड’: प्लेड, ओपन्ड. ‘वॉकेड’, ‘आस्केड’ असं कोणी म्हणत नाही.

अनियमितांचा तक्ता एबीसीच्या क्रमाने घोकू नका, चाल बघून गट पाडा. तिन्ही सारखी: कट, पुट, कॉस्ट. दुसरं-तिसरं सारखं: ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. पहिलं-तिसरं सारखं: कम-केम-कम, रन-रॅन-रन. तिन्ही वेगळी: सिंग-सँग-संग, राइट-रोट-रिटन. ‘रीड’ची दुसरी-तिसरी रूपं लिहिताना तशीच राहतात, उच्चार ‘रेड’ होतो.

*तपासा:* फॉल-फेल-फॉलन, फील-फेल्ट-फेल्ट, फिल-फिल्ड-फिल्ड. ही तीन न अडखळता म्हणता आली पाहिजेत.

टप्पा ६ : क्रियापदाला जोडलेलं छोटं शब्दशेपूट

‘लाइट ऑफ कर’ हे वाक्य घराघरांत आहे. त्यामुळे ‘ऑफ’ हेच क्रियापद वाटायला लागतं आणि ‘ऑफ द लाइट’, ‘ऑन द फॅन’ अशी वाक्यं होतात. क्रियापद ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ आहे. ‘ऑफ’ त्याचा जोडीदार.

अशा फ्रेजल व्हर्बमध्ये कर्म मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालतं: ‘टर्न ऑफ द लाइट’, ‘टर्न द लाइट ऑफ’. पण कर्म सर्वनाम असेल तर मध्येच हवं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. लुक आफ्टर, लुक फॉर, वेट फॉर यांचा जोडीदार मात्र कधीच सुटत नाही: ‘लुक आफ्टर इट’. कोणतं सुटतं, कोणतं नाही, हे लर्नर्स कोशात उदाहरणासकट दिलेलं असतं; अंदाज नको.

टप्पा ७ : एका क्रियापदापुढे दुसरं

दुसऱ्याचं रूप पहिलं ठरवतं. वाँट, डिसाइड, होप, रिफ्यूझ यांच्यापुढे ‘टू’सह मूळ रूप. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यापुढे ‘इंग’. ‘स्टॉप’ला दोन्ही चालतं, पण अर्थ फिरतो: ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सोडली; ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे ओढण्यासाठी थांबला.

काम दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर मराठीत आपण ते सांगतोच असं नाही. ‘मी केस कापले’ म्हणतो, कापतो न्हावी. ‘आय कट माय हेअर’चा अर्थ मात्र स्वतः कात्री चालवली असा होतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ हवं: हॅव, मग वस्तू, मग तिसरं रूप.

टप्पा ८ : सगळे प्रश्न एका वाक्यावर

‘हेवी रेन हॅज लेफ्ट मेनी रोड्स अंडर वॉटर, अँड द पोलिस हॅव आस्क्ड पीपल टू स्टे होम.’

गट दोन: ‘हॅज लेफ्ट’ आणि ‘हॅव आस्क्ड’. ‘पोलिस’ इंग्रजीत अनेकवचनी, म्हणून ‘हॅव’. दोन्ही साहाय्यकांनी तिसरं रूप मागितलं. ‘लेफ्ट’ लिंकिंग नाही, ‘इज’ बसवून पाऊस म्हणजे रस्ते असा अर्थ होतो. कर्म आहे ‘मेनी रोड्स’, आणि ‘अंडर वॉटर’ हा कर्माचा पूरक. रस्ते पाण्याखाली आहेत. ‘आस्क्ड’चं कर्म ‘पीपल’, त्यापुढे ‘टू’सह मूळ रूप. ‘स्टे’ अकर्मक. ‘होम’ हे इथे कर्म नाही, कुठे याचं उत्तर आहे. ‘लीव्ह-लेफ्ट’ अनियमित, ‘आस्क’ नियमित आणि उच्चार ‘आस्क्ट’.

तयारीत उतरवलेली वीस वाक्यं अशीच सोडवा. त्याआधी पुढच्या सहा वाक्यांतली चूक शोधा आणि ती कोणत्या टप्प्यावर झाली तेही लिहा.

१. ‘शी डिडन्ट केम येस्टर्डे.’
२. ‘द मँगोज आर स्मेलिंग स्वीटली.’
३. ‘वी रीच्ड टू दादर ॲट नाइन.’
४. ‘प्लीज सजेस्ट मी अ गुड डॉक्टर.’
५. ‘द प्राइसेस हॅव रेझ्ड.’
६. ‘माय फादर मेड मी टू लर्न टाइपिंग.’

उत्तरं:

१. ‘डिडन्ट कम’. टप्पा २.
२. ‘द मँगोज स्मेल स्वीट.’ दोन चुका: ‘इंग’ टप्पा ४ची, ‘ली’ टप्पा ३ची.
३. ‘टू’ काढा. टप्पा ३.
४. ‘प्लीज सजेस्ट अ गुड डॉक्टर.’ टप्पा ३.
५. ‘द प्राइसेस हॅव रिझन’, किंवा ‘दे हॅव रेझ्ड द प्राइसेस’. टप्पा ३.
६. ‘मेड मी लर्न’. टप्पा ७, ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. हेच वाक्य कर्मणीत केलं तर मात्र ‘टू’ परत येतं: ‘आय वॉज मेड टू लर्न टाइपिंग.’